आरएक्सचं गिऱ्हाईक

यामाहा आरएक्स १०० ही मोटारसायकल बनायची थांबली १९९६ मध्ये. कारखान्यातून अगदी शेवटी निघालेली आरएक्सही आज तिशीच्या घरात आहे. तरी आमच्या यवतमाळकडच्या आर्णी-घाटंजीच्या पट्ट्यात कागद साफ असलेली, मूळ इंजिनाची आरएक्स नव्या कोऱ्या शंभर सीसी गाडीपेक्षा जास्त भावानं जाते. सुरुवातीच्या काळात शोरूममध्ये ती वीस हजारांच्या आत मिळायची. मधल्या काळात दहा-बारा हजारांनाही तिला कोणी विचारत नव्हतं. आणि आता लाखाच्या गोष्टी.

मी या गाडीच्या मागच्या सीटवर वाढले, त्यामुळं या भावाकडं मला निव्वळ बाजार म्हणून बघता येत नाही. गेली काही वर्षं मी जपानच्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या भावांबद्दल मिळेल ते वाचते. सुप्रा, स्कायलाइन, आरएक्स-७. यातली एकही गाडी मी डोळ्यांनी पाहिलेली नाही आणि यवतमाळच्या रस्त्यावर ती दिसायची शक्यताही नाही. पण त्या भावांची गोष्ट वाचताना मला आमचाच तालुका दिसत राहतो.

आधी आमच्या गाडीबद्दल.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं परदेशी भागीदारीत शंभर सीसीपर्यंतच्या मोटारसायकली बनवायला वाट मोकळी केली आणि चार जपानी कंपन्या इथं आल्या. सुझुकी टीव्हीएसबरोबर, होंडा हीरोबरोबर, कावासाकी बजाजबरोबर आणि यामाहा एस्कॉर्ट्सबरोबर. तोवर खेड्यात मोटारसायकल म्हणजे राजदूत, नाहीतर येझदी, आणि पाटलाकडं बुलेट. आरएक्स आली १९८५ मध्ये. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. आजच्या पोरांना हे आकडे काहीच वाटत नाहीत, पण त्या वजनाला ती ताकद फार होती. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की एकदा पेट्रोल पेटतं, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला पेटतं. शिवाय आरएक्समध्ये कार्ब्युरेटर आणि सिलिंडरच्या मध्ये रीड व्हॉल्व्ह बसवलेला. पातळ पात्यांची ही झडप आत गेलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण माघारी फिरू देत नाही, म्हणून गाडी खालच्या वेगातही ओढते. चढावर, चिखलात, दोन माणसं आणि वर पोतं असतानाही ओढते. आमच्याकडं तिचं नाव झालं ते या ओढीमुळं. तिचा वेग शहरातल्या पोरांना लागत होता. आम्हाला तिची ताकद लागत होती.

बाबा ग्रामसेवक होते. तीन गावं त्यांच्याकडं, आणि तिन्ही गावांना जोडणारा रस्ता पावसाळ्यात रस्ता राहायचा नाही. त्यांनी आरएक्स घेतली १९९२ मध्ये, काळ्या रंगाची. काळ्या मातीचा चिखल ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको की तो चाकाला लागत नाही, चाकात भरतो. मडगार्ड आणि टायरच्या मधल्या जागेत गच्च बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. मग गाडी आडवी करून काडीनं चिखल उकरायचा, दोन शेतं पुढं जायचं, पुन्हा उकरायचा. पहिल्याच पावसाळ्यात बाबांनी पुढचं मडगार्ड काढून टाकलं. मूळचं, चकचकीत क्रोमचं. ते गोठ्यात खुंटीला टांगलं गेलं आणि तिथंच राहिलं. त्याच्या जागी लोकल, उंच बसणारं प्लॅस्टिकचं मडगार्ड लागलं. या टांगलेल्या मडगार्डाबद्दल पुढं सांगायचंच आहे.

मला खरं तर मिस्त्रीबद्दल लिहायचं आहे.

बस स्टँडच्या मागं, कडुनिंबाखाली, टिनाच्या शेडमध्ये त्यांचं दुकान. पोरवयात यवतमाळच्या एका गॅरेजात हाताखाली राहून शिकलेले. गाडी घेऊन माणूस दुकानापर्यंत पोचायच्या आत त्यांना कळलेलं असायचं की चेन सैल आहे, का पिस्टन वाजतो आहे, का सायलेन्सर चोंदला आहे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइलही जळतं, त्यामुळं सायलेन्सरच्या आतल्या नळीत काजळी साठत जाते आणि गाडीचा दम कोंडतो. मिस्त्री ती नळी ओढून काढायचे आणि पऱ्हाटीच्या जाळात घालायचे. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या आमच्याकडं उन्हाळाभर जळणाला असतात, त्यांचा जाळ मोठा आणि एकसारखा. नळी लाल झाली की बाहेर काढून ठोकायची, काळे पापुद्रे गळून पडायचे. संध्याकाळी गाडी पुन्हा पहिल्यासारखी उडायची. प्लग काढून त्याचं तोंड बघायचं. तपकिरी असेल तर ठीक. काळं-ओलं असेल तर पेट्रोल जास्त येतं आहे, पांढरं पडलं असेल तर कमी, म्हणजे इंजिन तापून जाम व्हायची भीती. कार्ब्युरेटरचा स्क्रू ते डोळे मिटून फिरवायचे. खरंच डोळे मिटून. आवाज बसला की हात थांबायचा.

बोअर ही त्यांची जिवाभावाची गोष्ट. पिस्टन घासून सिलिंडर सैल झाला की तो लेथवर थोडा मोठा करायचा आणि मापाचा मोठा पिस्टन टाकायचा. पंचवीसचा, मग पन्नासचा, मग पंच्याहत्तर, मग शंभर, म्हणजे पाव-पाव मिलिमीटरनं वाढत जाणारं माप. शंभर संपला की नवी स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आतली नळी. प्रत्येक बोअरबरोबर मूळ सिलिंडरचं आयुष्य कमी होतं, म्हणून ते गिऱ्हाइकाला रागावायचे. नवा पिस्टन टाकल्यावर पहिले काही दिवस गाडी हळू चालवायची, जड ओझं घ्यायचं नाही, टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, ऑइल कंजूषपणे घालायचं नाही. गावात बऱ्याच जणांनी गाडीचा ऑइल पंप बंद करून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायला सुरुवात केली होती, कारण पंप बिघडला आणि कळलंच नाही तर इंजिन गेलं. बाबांनाही तसंच करायचं होतं. मिस्त्रींनी करू दिलं नाही. ‘साहेब, जपानच्या माणसानं इचार करूनच लावला असंल ना तो,’ म्हणाले, आणि दर महिन्याला स्वतः पंप तपासून दिला. आमची गाडी इतक्या वर्षांत फक्त पन्नासच्या पिस्टनपर्यंत आली, त्याचं श्रेय बाबांच्या चालवण्याला कमी आणि या रागावण्याला जास्त आहे.

मग १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. होंडाच्या फोर-स्ट्रोक गाड्या ऐंशीचं ॲव्हरेज सांगायच्या आणि आरएक्स चाळिशीच्या आसपास घुटमळायची, वर ऑइलचा खर्च. धुराचे नियम कडक होत गेले, आरएक्स १०० बंद झाली, आणि पुढं टू-स्ट्रोक मोटारसायकली एकेक करून शोरूममधून गेल्याच. आमच्या पेट्रोल पंपावरचं टू-टी ऑइलचं हँडलचं मशीन कधी निघालं ते कोणाच्या लक्षातही नाही. आता ऑइल यवतमाळहून आणावं लागतं. त्या काळात कितीतरी आरएक्स किलोवर भंगारात गेल्या. मिस्त्रींच्या शेडमागं सांगाड्यांचा ढीग होता. त्यांनी त्यातले क्रँक, रीड व्हॉल्व्ह, मिकुनीचे कार्ब्युरेटर काढून तेल लावून डब्यांत ठेवले. का ठेवता विचारलं तर म्हणायचे, ‘लोखंडाच्या भावात हे कसं देऊ, ताई?’

नंतर गिऱ्हाईक यायला लागलं. आधी नागपूरचे दलाल. सोयाबीन निघायच्या आधी, हातात पैसा नसतो अशा दिवसांत, पिकअप घेऊन यायचे. पानठेल्यावर विचारायचे, गावात आरएक्स कोणाकडं आहे. ज्याच्या गोठ्यात ती कोंबड्यांच्या विष्ठेखाली उभी आहे त्याला पंधरा हजार म्हणजे आभाळातून पडल्यासारखे. शेजारच्या गावात एका काकूंनी नवरा गेल्यावर त्याची निळी आरएक्स अशीच दिली. सुरुवातीच्या सालातली होती, ज्यांचे सुटे भाग जपानहून येऊन इथं जोडले जायचे त्यातली. ‘जपान इंजिन’ म्हणून शौकीन ज्याच्यासाठी जीव टाकतात ते. काकूंना हे कोणी सांगितलं नाही. दलालानं मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेतल्या आणि नाव बदललंच नाही. वर्षभरानं त्या गाडीच्या नावानं दंडाची पावती काकूंच्या मुलाच्या फोनवर आली. गाडी कुठं आहे, कोण चालवतो, काही पत्ता नाही. आणि ती कितीला विकली गेली ते मिस्त्रींनी मोबाइलवरच्या जाहिरातीत पाहिलं. काकूंना मिळाले त्याच्या कित्येक पट. मिस्त्रींनी ती ओळखली टाकीवरच्या एका पोच्यावरून, जो त्यांनीच कधीतरी आतून ठोकून सरळ केला होता.

कापसाच्या मुलखात राहणाऱ्यांना हे ओळखीचं आहे. कापूस घरात असतो तेव्हा भाव पडलेला आणि घरातून गेला की चढलेला. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला तेव्हा आमच्या घरात वातीपुरताही उरला नव्हता. माझ्या भावानं तो दिवाळीलाच, बी-खताची उधारी फेडायला, खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, दिला होता. ठेवायची ताकद ज्याच्याकडं असते, चढा भाव त्याला मिळतो.

आता जपान.

माझा भाचा यवतमाळला इंजिनिअरिंगला आहे. मोबाइलवरच्या रेसिंगच्या गेममुळं त्याला जपानी गाड्यांचे सांकेतिक नंबर तोंडपाठ. दोन वर्षांखाली तो उड्या मारत सांगत आला, ‘आत्या, आर-थर्टीफोर आता अमेरिकेत कायदेशीर झाली!’ मला अर्थ कळेना म्हणून त्याला बसवून सगळं विचारलं, आणि मग स्वतः वाचत गेले.

अमेरिकेत बाहेरून आणलेली गाडी तिथल्या सुरक्षा नियमांत बसत नसेल तर रस्त्यावर आणता येत नाही, पण ती बनून पंचवीस वर्षं झाली की ही अट सुटते. निस्सानची स्कायलाइन जीटी-आर, आर-३२ या पिढीची, आली १९८९ मध्ये. म्हणजे अमेरिकेचं दार तिला उघडलं २०१४ मध्ये. १९९९ च्या आर-३४ ला ते उघडलं २०२४ मध्ये. व्यापारी आणि शौकीन ही तारीख गाठण्याच्या कितीतरी आधीच जपानमध्ये गाड्या घेऊन ठेवतात. त्यामुळं भाव दार उघडल्यावर नाही, दार उघडणार हे कळल्यापासून चढतो.

त्या गाड्या भाव मिळण्याच्या लायकीच्या होत्याच. १९८० च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये पैशाला पूर आला होता, आणि कंपन्यांनी इंजिनिअरांना हात आखडू नका म्हणून सांगितल्यासारखी ती यंत्रं आहेत. १९८९ या एका सालात आर-३२ जीटी-आर आली, माझ्दाची छोटी रोडस्टर आली, पुढच्याच वर्षी होंडाची पूर्ण ॲल्युमिनियम बॉडीची एनएसएक्स. कंपन्यांचा आपसात समझोता होता की २८० हॉर्सपॉवरच्या वर कोणी आकडा जाहीर करायचा नाही. तो २००४ पर्यंत चालला. कागदावर २८०, पण इंजिन त्याहून कितीतरी जास्त सोसेल असं घडवलेलं. टोयोटा सुप्राच्या तीन लिटरच्या, सहा सिलिंडरच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा. त्यातून पोरांनी दुप्पट-तिप्पट ताकद काढली आणि तो फुटला नाही. माझ्दाच्या आरएक्स-७ मध्ये तर पिस्टनच नाही, त्रिकोणी रोटर फिरतो. तो सांभाळायला वेगळाच हात लागतो, आणि आमच्या मिस्त्रींना मी त्याचा व्हिडिओ दाखवला तेव्हा त्यांनी तो तीनदा पाहिला, चहा गार होऊ दिला.

मग तिथंही तेच झालं. पैशाचा फुगा फुटला, मंदी आली, धुराचे नियम कडक झाले. सुप्रा, आरएक्स-७, स्कायलाइन जीटी-आर, तिन्ही जपानमध्ये एकाच वर्षी, २००२ मध्ये, बंद पडल्या. धुराच्या नियमानं आमच्या आरएक्सला जसं इतिहासजमा केलं, तसंच त्यांनाही. आणि जपानमध्ये जुनी गाडी ठेवणं महाग. दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ नावाची सक्तीची, खर्चिक तपासणी. तेरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाडीला कर वाढतो. ज्या तरुणानं नव्वदच्या दशकात हौसेनं गाडी घेतली, त्याला लग्न झालं, पोरं झाली, तेव्हा ती परवडेना. त्यानं ती लिलावात दिली, त्या वेळच्या स्वस्त भावात. तिथून ती बंदरावर, कंटेनरमध्ये, समुद्रापार. आणि मग भाव चढला. सिनेमात वापरलेली एक सुप्रा अमेरिकेत २०२१ मध्ये साडेपाच लाख डॉलरला गेली. ती सिनेमाची म्हणून सोडा, पण साध्या, कोणी मास्तरनं चालवलेल्या सुप्राही आता अशा किमतीला पोचल्या आहेत की जपानमधल्याच पंचविशीतल्या पोरानं त्यांचं नाव काढू नये. ज्या डोंगरवाटांवर या गाड्यांची ख्याती झाली, त्या वाटांच्या कडेला वाढलेल्या पोराला ती आता फोनवरच दिसते. माझ्या भाच्याला दिसते तशी. या एका बाबतीत जपानचं खेडं आणि आमचं खेडं एकाच बाजूला उभं आहे, हे मला कळलं तेव्हा मी बराच वेळ कोणाशी बोलले नाही.

भारतात तर तीन वर्षांहून जुनी गाडी सहसा आयात करता येत नाही, त्यामुळं आपल्या वाट्याला त्यातली एकही येणार नाही. आपल्या वाट्याला आली ती त्याच कारागिरीची दुचाकी. म्हणून मी आरएक्सला आपली सुप्रा म्हणते, आणि हे मी पूर्ण जबाबदारीनं म्हणते. यामाहाच्याच आरडी ३५० चा मान वेगळा आहे. राजदूत ३५० म्हणून एस्कॉर्ट्सनं १९८३ पासून इथं बनवलेली, दोन सिलिंडरची, ३४७ सीसीची ती गाडी पेट्रोल इतकं प्यायची की लोकांनी तिला नाकारलं, आणि आज तिचे भाव काही लाखांत आहेत. पण ती आमच्या खेड्यांत फारशी आलीच नाही. तिच्याबद्दल शहरातल्यांनी लिहावं.

आता चढ्या भावाबद्दल मला काय वाटतं ते. सुरुवातीला मला नुसता राग होता. नंतर विचार केला की हा भाव नसता तर काय उरलं असतं? मिस्त्रींच्या मागचा ढीग अजून वाढला असता, इतकंच. भाव आला म्हणून लोकांनी गोठ्यातली गाडी पुसली, ताडपत्री घातली, पासिंग करून घेतलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते, आणि २०२२ मध्ये दुचाकीची ती फी तीनशेवरून हजार झाली होती. भाव नसलेल्या गाडीसाठी कोण भरेल? जपानमध्येही भाव आला म्हणून कंपन्यांना जाग आली. निस्साननं २०१७ पासून जुन्या जीटी-आरचे सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले, टोयोटानंही जुन्या सुप्राचे भाग पुन्हा काढले, माझ्दानं पहिल्या रोडस्टर नव्यानं उभ्या करून द्यायला सुरुवात केली. हे मला फार मोठं वाटतं. बनवणाऱ्यानं आपल्या यंत्राची जबाबदारी तीस वर्षांनी पुन्हा उचलली. आमच्या मिस्त्रींना मिळतात ते बहुतेक डुप्लिकेट भाग. पिस्टनच्या रिंगा सहा महिन्यांत दम सोडतात आणि शिव्या मिस्त्रींना बसतात.

पण भावानं एक वाईट गोष्ट केली, तिथंही आणि इथंही. न चालवलेली गाडी सगळ्यात महाग ठरवली. जितके कमी किलोमीटर तितका मान. जिनं वीस वर्षं तीन गावांचा चिखल तुडवला, बाळंतिणीला रात्री दवाखान्यात पोचवलं, तिच्या अंगावरचे ओरखडे म्हणजे दोष. हे मला पटत नाही आणि पटणार नाही. इंजिन आतून कोणत्या हातानं राखलं, पिस्टन कितवा, ऑइल पंप जागेवर आहे का, हे न विचारता जो रंगाची चकाकी मोजतो त्याला गाडी कळलेली नाही. शिवाय चोऱ्या वाढल्या. आर्णी रोडला लग्नाला गेलेल्या माणसाची आरएक्स मंडपाबाहेरून गेली. बाजूच्या नव्या गाडीला कोणी हात लावला नाही.

आमच्या गाडीचा विषय निघाला तो भाच्याच्या फीमुळं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि आरएक्सला सेल्फ नसतो, किकच मारावी लागते. भाऊ ट्रॅक्टर आणि स्प्लेंडर वापरतो. गाडी वर्षभर उभी होती. दलालाला द्यायची नाही एवढं मी भावाला बजावलं, आणि मिस्त्रींना सोबत घेतलं. पुण्याहून जो माणूस आला तो माझ्याच वयाचा, कंपनीत नोकरी करणारा. त्याच्या वडिलांची आरएक्स तो दहावीत असताना विकली गेली होती, त्याच्याच शिक्षणासाठी. जुन्या गाड्यांच्या भावाचं सगळं कोडं मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पंधराव्या वर्षी जे हवं होतं आणि मिळालं नाही, ते माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी हाती पैसा आल्यावर शोधत फिरतो. अमेरिकेतला सुप्रा घेणारा बहुतेक हाच माणूस आहे. आमच्या गावात पंधराव्या वर्षी आरएक्सकडं बघणारी पोरं कमी नव्हती. त्यांना पंचेचाळीस वर्षं झाली, पैसा काही आला नाही. म्हणून गाड्या पुण्याला जातात.

तो गोठ्यात आला आणि गाडी सोडून खुंटीकडं बघत राहिला. मूळ मडगार्ड, क्रोम अजून जिवंत. चिखलापायी पहिल्या पावसाळ्यात काढून ठेवलं म्हणूनच ते वाचलं होतं. मिस्त्रींनी त्याला इंजिन दाखवलं, पन्नासचा पिस्टन सांगितला, चालू असलेला ऑइल पंप दाखवला, आणि त्यांनीच भाव सांगितला. मी सांगितला असता त्याहून बराच वर. त्यानं घासाघीस केली नाही. बाबा ओट्यावर खुर्चीत बसले होते. त्यांनी त्याला एकच विचारलं, ‘चालवसान का नुसती ठेवसान?’ तो म्हणाला, ‘काका, रविवारी लोणावळ्याकडं नेईन.’ बाबांनी मान हलवली आणि भावाला म्हणाले, ‘दे मंग. माह्यानं आता किक बसत नाही.’ नाव बदलून झाल्यावरच गाडी हलली. जुनं आरसी बुक ऑनलाइन चढलेलं नव्हतं, त्याची नोंद करून घ्यायला, मग दुसऱ्या आरटीओची एनओसी काढायला भाऊ कितीतरी वेळा यवतमाळला गेला. पण काकूंसारखं आमचं होऊ दिलं नाही. मिस्त्रींना आम्ही त्यातले काही पैसे दिले तेव्हा ते आधी घेईनात. भाऊ म्हणाला, ही गाडी आम्ही विकली पण राखली तुम्ही, तेव्हा घेतले.

पुढं पुण्याहून त्यांना फोन यायला लागले. पुण्यात आरएक्सचा कार्ब्युरेटर बसवणारे आहेत, पण आवाज पूर्वीसारखा लागत नाही म्हणे. मिस्त्री व्हिडिओ कॉलवर ऐकायचे आणि स्क्रू किती फिरवायचा ते सांगायचे. त्या पुण्याच्या माणसाच्या ओळखीचे आणखी चार जण फोन करू लागले. हे सगळं फुकट चाललं होतं. भाच्यानं एक दिवस त्यांच्या फोनवर पैसे घ्यायची सोय करून दिली, त्यांच्या नावाचा कोड छापून शेडला लावला, आणि आता एका कॉलचे पाचशे ठरले आहेत. डब्यांत तेल लावून ठेवलेल्या मूळ भागांची यादीही त्यानंच केली, कोणता भाग कोणत्या सालचा ते मिस्त्रींना विचारून विचारून. सुट्टीला आला की तो तिथंच असतो. मागच्या उन्हाळ्यात त्यानं पहिल्यांदा स्वतः सायलेन्सरची नळी जाळली आणि घाईनं जाळातून लवकर काढली. मिस्त्रींनी ती ठोकली, आत बोट घालून पाहिलं आणि पुन्हा जाळात टाकली. ‘अजून काजळी हाये,’ म्हणाले. ‘पऱ्हाट्या आन अजून.’